वसाहतीतील मोकळ्या जागा आणि मुलांचे खेळ

नागपूरच्या माणसाला ‘लेआउट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुण्याला जशी पेठ आणि मुंबईला जशी चाळ, तसा नागपूरला लेआउट. पत्ता सांगताना तो येतो, लग्नपत्रिकेवर छापला जातो, रिक्षावाल्यालाही तोच सांगावा लागतो. परंतु रोजच्या वापराने नाण्यावरचा छाप पुसट व्हावा, तसा या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या नजरेआड झाला आहे. लेआउट म्हणजे आखणी. शेतजमिनीचा एखादा मोठा तुकडा घ्यायचा, त्यावर रस्ते आखायचे, भूखंड पाडायचे आणि त्यांना क्रमांक द्यायचे, असे हे काम आहे. त्या मंजूर नकाशावर एक चौकोन मात्र असा दिसतो, की ज्याला भूखंड क्रमांक नसतो. त्यावर ‘खुली जागा’ एवढीच अक्षरे असतात. प्रस्तुत विवेचन त्या बिनक्रमांकाच्या चौकोनाविषयी आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते, की भूखंड पाडून झाल्यावर जी जमीन उरली ती खुली जागा. वस्तुतः ती उरलेली नसते, राखलेली असते. महाराष्ट्रात २०२० साली मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीची आखणी करताना साधारणतः तिचा दहावा हिस्सा करमणुकीसाठी मोकळा ठेवावा लागतो. हा हिस्सा विकता येत नाही, म्हणून त्याची किंमत जमीन पाडणारा इतर भूखंडांच्या भावात मिळवतो. तेव्हा ज्याने लेआउटमध्ये भूखंड घेतला, त्याने त्या खुल्या जागेचे पैसेही मोजलेले असतात. ती जागा त्याला फुकट मिळालेली नाही आणि कोणी उपकार म्हणूनही दिलेली नाही. हे ध्यानात घेतले, की त्या जागेकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

आता ही जागा प्रत्यक्षात कशी दिसते ते पाहू. एका कोपऱ्यात बांधकामाचा मलमा, दुसऱ्या कोपऱ्यात लग्नाच्या मंडपाचे बांबू, मध्ये गाजरगवत, कडेला दोन मोटारी झाकून ठेवलेल्या, आणि पावसाळ्यात साचलेले पाणी. जेथे कोणी हौसेने सुधारणा केली आहे तेथे चौफेर फरशीचा फिरण्याचा मार्ग, मध्ये शोभेची हिरवळ, व्यायामाची काही लोखंडी यंत्रे आणि फाटकावर पाटी: ‘येथे चेंडू खेळू नये.’ पहिली जागा पडीक आहे हे कोणीही सांगेल. दुसरी जागा मुलांच्या दृष्टीने तितकीच पडीक आहे, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

नागपूरला मैदाने नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. कस्तुरचंद पार्क, रेशीमबाग, महालातील चिटणीस पार्क ही नावे साऱ्या विदर्भाला ठाऊक आहेत. त्यांनी सभा पाहिल्या, प्रदर्शने पाहिली, कुस्त्या आणि सामने पाहिले. त्यांचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने कस्तुरचंद पार्क आणि काश्मीर ही दोन्ही सारखीच दूर आहेत. लहान मुलाचे शहर आईची हाक पोहोचते तेथपर्यंतच असते. मोठ्या रस्त्यापलीकडचे मैदान कितीही ऐसपैस असले, तरी त्याला तेथे जाण्यासाठी मोठ्या माणसाची सवड लागते. आणि ज्या घरात दोन्ही पालक कामावर जातात त्या घरात सवड हीच सर्वांत महाग वस्तू आहे. म्हणून शहरातील एकूण मैदानांचे क्षेत्रफळ सांगून हा प्रश्न सुटत नाही. घरापासून चालत पाच मिनिटांवर, वाहनांचा रस्ता न ओलांडता, मुलाला धावता येईल अशी जागा आहे काय, असे विचारले पाहिजे.

खेळ ही चैन नव्हे, हे आज जगाने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी असे सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानते, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवस म्हणूनही पाळला जाऊ लागला. पण हक्क कागदावर असून भागत नाही. त्याला उभे राहायला जमीन लागते, आणि तीही घराजवळची.

शहरातल्या दुर्लक्षित तुकड्यांकडे या नजरेने पाहायला शिकविणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस यांचे नाव अग्रभागी येते. हे स्कॉटलंडचे विद्वान १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यापूर्वी त्यांनी भारतातील अनेक शहरांच्या रचनेवर अहवाल लिहिले, आणि त्यांत नागपूरही होते. हिंदुस्थानात येण्याआधी एडिंबरोच्या जुन्या, दाट वस्तीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधे काम केले. गल्लीबोळ पायी फिरून कोठे कोठे रिकामी जागा पडली आहे, याची मोजणी केली. जेथे श्वास घ्यायला जागा नाही असे सर्वजण म्हणत होते, तेथे पंचाहत्तर तुकडे निघाले आणि त्यांची बेरीज दहा एकरांच्या घरात गेली. त्यांतल्या काहींवर पुढे लहान बागा झाल्या आणि शेजारच्या मुलांनी त्यांची निगा राखली. मद्रास इलाख्यातील शहरांसंबंधीच्या १९१५ च्या अहवालांत गेडिस यांनी हीच पद्धत सांगितली: वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्याऐवजी, जे आहे त्यातली कोंडी थोडी थोडी सोडवावी आणि पडीक कोपरे लोकांच्या उपयोगी आणावेत. आम्हांला या कथेतील मोलाची गोष्ट वाटते ती ही, की सुधारणेचा आरंभ पैशाने झाला नाही, मोजणीने झाला.

दुसरे उदाहरण डेन्मार्कचे आहे. १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळच्या एम्द्रुप येथे कामगारांच्या सहकारी वसाहतीत एक वेगळेच क्रीडांगण उघडले. सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या ध्यानात आले होते, की आपण आखून दिलेल्या सुबक जागांपेक्षा मुले बांधकामावरच्या फळ्या, विटा आणि मातीत अधिक रमतात. म्हणून तेथे फळ्या, दोर, जुनी चाके, हत्यारे ठेवली, आणि देखरेखीला एक समजूतदार माणूस नेमला. मुलांनी खोपटी बांधली, मोडली, पुन्हा बांधली. १९४६ साली लेडी ॲलन या बाईंनी ते पाहिले आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडातील रिकाम्या जागांवर तशीच क्रीडांगणे व्हावीत म्हणून चळवळ केली.

तिसरे उदाहरण ॲम्स्टरडॅमचे. तेथील नगरपालिकेत काम करणाऱ्या आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुशिल्पज्ञाने १९४७ साली एका लहानशा चौकात वाळूचा हौद, काही दगडी ठोकळे, उलट्या कोलांट्या मारण्यासाठी लोखंडी कमानी आणि बाके एवढीच मांडणी केली. ते पाहून दुसऱ्या मोहल्ल्यांतील नागरिकांनी नगरपालिकेला पत्रे धाडली, ‘आमच्याकडेही अशी जागा आहे.’ १९७८ पर्यंत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली. त्यांतली बरीच दोन घरांमधल्या मोकळ्या भूखंडांवर, रस्त्याच्या रुंद कोपऱ्यांवर होती. येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, बहुतेक ठिकाणी कुंपण नव्हते. क्रीडांगण रस्त्याच्या जीवनाचा भाग होते. दुसरी, खेळाची साधने मुद्दाम साधी होती. हत्तीच्या आकाराची घसरगुंडी ही हत्तीच राहते. पण साधी कमान ही कधी घर, कधी डोंगर, कधी आगगाडीचा बोगदा होऊ शकते.

कोणी म्हणेल, हे युरोपचे झाले, आपल्याकडच्या दाटीत हे कसे जमणार? त्याचे उत्तर मुंबईतच आहे. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये शहरातील रस्ते व रेल्वे यांच्या कामांमुळे हललेली कुटुंबे वसविण्यात आली. साठाच्या आसपास इमारती आणि पंचवीस हजारांच्या आसपास माणसे. दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. अशा वसाहतींत ऊन आणि वारा घरात पोहोचत नाही आणि क्षयरोग बळावतो, असे ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ च्या अहवालाने दाखविले. इमारतींमधल्या पट्ट्यांत वरून टाकलेला कचरा साचत असे. कम्युनिटी डिझाइन एजन्सी या संस्थेने २०१६ पासून रहिवाशांच्या सोबतीने येथे काम सुरू केले; कचऱ्याच्या जागा साफ करून त्यांतून मुलांना खेळता येईल, बायकांना बसता येईल अशी अंगणे केली. पुढे २०२३ साली त्याच वस्तीत कलामहोत्सव भरला. इमारती जागच्या हलल्या नाहीत, मधले पट्टे रुंद झाले नाहीत. फक्त ते कोणाच्या तरी काळजीचे झाले. त्याच मुंबईत माटुंग्याला २०१६ साली उड्डाणपुलाखालच्या जागेत नागरिकांच्या प्रयत्नाने नानालाल मेहता उद्यान झाले, हेही येथे आठवावे.

आणि नागपूरचे उदाहरण तर साऱ्या देशाने पाहिले आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना पावसात एक फुटकी बादली लाथाडीत खेळताना पाहिले आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ हे काम उभे राहिले. २०१६ साली त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटाने ती कथा घरोघर नेली. या कथेत सर्वांना चेंडू आठवतो. आम्ही मैदानाकडे लक्ष वेधू इच्छितो. चेंडू थोड्या पैशांत येतो, पण तो लाथाडायला जागा लागते. शहरातील मोकळ्या जागांचा प्रश्न हा बहुधा क्षेत्रफळाचा नसून फाटकाचा असतो.

आता आपल्या वसाहतीत काय करता येईल, याचा क्रमाने विचार करू.

पहिले काम मोजणीचे. एखाद्या रविवारी सकाळी चार मोठी माणसे आणि आठ-दहा मुले यांनी मंजूर नकाशाची प्रत घेऊन वसाहत पायी फिरावी. जुन्या लेआउटचा नकाशा नागपूर सुधार प्रन्यास किंवा महानगरपालिका यांच्याकडे असतो. प्रन्यास १९३६ च्या कायद्याने स्थापन झाला, आणि शहराच्या अनेक भागांची आखणी त्याच्या हातून झाली. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर नियमित झालेल्या वस्त्या नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ अशा आकड्यांनीच ओळखल्या जातात. तेथे नकाशा आणि जमीन ताडून पाहणे अधिकच अगत्याचे आहे. फिरताना केवळ खुली जागा पाहू नये. घरांच्या दोन रांगांमधली मागची गल्ली, नाल्याकाठचा पट्टा, जलकुंभाचे आवार, सरकारी व रेल्वेच्या वसाहतींतील चाळींमधली अंगणे, म्हाडाच्या इमारतींमधले चौक, शाळा सुटल्यावर कुलूप लागणारे पटांगण, हे सर्व वहीत लिहावे. खाजगी रिकामा भूखंड मात्र वेगळ्या पानावर लिहावा. तो मालकाच्या संमतीवाचून वापरता येत नाही, आणि संमती मिळाली तरी तेथे कायमचे काही उभारू नये.

दुसरे काम पाहण्याचे. ज्या जागा मुलांना हव्या आहेत, त्या त्यांनी बहुधा आधीच शोधलेल्या असतात. कोणत्या ओट्यावर मुली बसतात, कोणत्या भिंतीवर खडूने यष्टी काढल्या आहेत, कोणत्या झाडाची फांदी लोंबकळून गुळगुळीत झाली आहे, हे आठवडाभर संध्याकाळी पाहिले तर आराखडा आपोआप तयार होतो. मुलांना विचारावेही, पण ‘तुम्हांला काय हवे?’ असे विचारले तर ती जाहिरातीत पाहिलेली वस्तू सांगतात. ‘काल काय खेळलात आणि कोठे?’ असे विचारावे.

तिसरे काम मापाचे. जागा लहान म्हणून काही होणार नाही, हा समज आकड्यांनी दूर होतो. नागपुरातला दीड हजार चौरस फुटांचा भूखंड म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. तात्पर्य, एका घराच्या भूखंडाएवढ्या जागेत कबड्डी बसते. खो-खोला २७ मीटर लांबी आणि १६ मीटर रुंदी लागते. ती तीन भूखंडांहून थोडी अधिक जागा झाली. बॅडमिंटनचे मैदान १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असते, ते मागच्या रुंद गल्लीतही मावते. लगोरी, लंगडी, टिक्कर, विषामृत, डब्बा ऐसपैस यांना मापेच नाहीत. जशी जागा तसा खेळ. आपले बहुतेक देशी खेळ अंगणात जन्मले आहेत, म्हणून ते अंगणात राहू शकतात. मुंबईच्या गिरणगावात कबड्डी वाढली ती चाळींमधल्या चिंचोळ्या पटांगणांत, मोठ्या क्रीडागारांत नव्हे.

चौथे काम जमिनीचे, आणि येथे नागपूरची प्रकृती लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, चिकटते, आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर खेळणे म्हणजे एका ऋतूत घसरणे आणि दुसऱ्या ऋतूत पाय मुरगळणे. यावर जुना उपाय आहे. वरचा थर काढावा, जागेला एका बाजूला हलका उतार द्यावा, मुरूम पसरावा, पाणी मारून रूळ फिरवावा. पडल्यावर गुडघा खरचटेल, पण सिमेंटवर मोडतो तसा हात मोडणार नाही. सिमेंटच्या फरशीचा मोह आवरला पाहिजे, त्याला दुसरेही कारण आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते आपण विसरलेलो नाही. जमिनीवर जितके सिमेंट अधिक, तितके पाणी मुरायला जागा कमी. मुरमाचे अंगण थोडे तरी पाणी पिते.

ऊन हा नागपूरचा दुसरा स्वभाव. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. अशा उन्हात उघड्या लोखंडी घसरगुंडीचा पत्रा तव्यासारखा तापतो; रबराच्या चकचकीत फरशीचेही तेच होते. म्हणून खेळणी विकत घेण्याआधी झाडे लावावीत. पश्चिम आणि दक्षिण कडेला कडुनिंब, करंज, चिंच यांची रांग लावली तर दुपारचे ऊन अडते आणि मधली जागा धावायला मोकळी राहते. झाड मोठे होईपर्यंत हिरव्या जाळीचे छत चालेल. प्यायच्या पाण्याची सोय हवी. उन्हाळ्यात खेळ सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, आणि त्यासाठी एक-दोन दिवे. दिव्याचा उजेड असला की मुलींना घरून थोडा अधिक वेळ मिळतो, हे अनुभवी पालक जाणतात.

मुलींचा उल्लेख आला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वसाहतीत मैदान मोकळे झाले, की बहुधा आठवड्याभरात बारा ते अठरा वर्षांच्या मुलांचे क्रिकेट ते सगळे व्यापून टाकते. लहान मुले कडेला ढकलली जातात, आणि मुली घरी परततात. यात त्या मुलांचा दुष्टपणा नाही. क्रिकेट हा खेळच जागा गिळणारा आहे. म्हणून मैदान एकच चौरस न ठेवता त्याचे भाग करावेत: एका कोपऱ्यात वाळूचा हौद आणि बाके, दुसऱ्या बाजूला दोऱ्या, झोके, लंगडीचे चौकोन, आणि उरलेल्या भागात वेळापत्रक. आठवड्यातले दोन दिवस खो-खोचे, दोन कबड्डीचे, दोन क्रिकेटचे, तेही रबरी चेंडूने. आपल्या विदर्भात भाद्रपदात-आश्विनात मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरत; ते दिवस जेथे अजून टिकले आहेत तेथे त्यांना अंगण द्यावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, तेव्हा लाकडी बैल सजवून आलेली शेकडो मुले प्रत्येक मोहल्ल्यात मोकळी जागा भरून टाकतात, आणि त्या दिवशी कोणीही त्यांना ‘येथे गोंगाट करू नका’ म्हणत नाही. वर्षातून एक दिवस आपण जे मान्य करतो, ते रोज तासभर मान्य करावे, एवढेच मागणे आहे.

आता आक्षेपांकडे वळू. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आम्हांला फिरायला आणि बसायला जागा नको काय? हवीच. पण फिरण्याचा मार्ग कडेने जातो आणि खेळ मध्ये होतो. दोघांचे भांडण असण्याचे कारण नाही. उलट कडेच्या बाकावर बसलेल्या आजोबांची नजर ही मैदानाची सर्वांत भरवशाची राखण आहे. दुसरा आक्षेप फुटलेल्या काचांचा. तो खरा आहे, आणि त्याचे उत्तर भाषणाने मिळत नाही. घराकडच्या बाजूला जाळी लावावी, आणि घरटी थोडी वर्गणी काढून काचांसाठी एक निधी ठेवावा. काच फुटली तर दुसऱ्या दिवशी बसवून द्यावी. पुष्कळ मैदाने दहशतीने किंवा गुंडगिरीने बंद झालेली नाहीत, एका न भरून दिलेल्या काचेने बंद झाली आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. ‘बाहेरची मुले येतात.’ ही बाहेरची मुले कोण? बहुधा आपल्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची, इस्त्रीवाल्याची, इमारतीच्या राखणदाराची. त्यांची आई आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते, पण तिचे मूल आपल्या मैदानापर्यंत आलेले चालत नाही. फाटकाला कुलूप लावले की गोंगाट कमी होतो हे खरे. पण मग ते क्रीडांगण न राहता संग्रहालय होते, आणि थोड्याच दिवसांत आपली मुलेही तेथे जाईनाशी होतात. कारण खेळाला गडी लागतात. खो-खोला एका बाजूला नऊ जण मैदानात हवेत. एका लेआउटमध्ये एका वयाची अठरा मुले आज सहसा मिळत नाहीत. शेजारच्या वस्तीतील मुले आली तरच डाव पुरा होतो. येथे उदारपणाचा प्रश्नच नाही. खेळाचे गणितच तसे आहे.

शेवटचा धोका चांगुलपणाच्या वेषात येतो. खुल्या जागेवर कोणी वाचनालय सुचवितो, कोणी समाजमंदिर, कोणी देऊळ, कोणी दवाखाना. प्रत्येक गोष्ट चांगली, आणि प्रत्येकीला जमीन लागते. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा एक निकाल प्रत्येक वसाहतीने लक्षात ठेवावा. बंगलोरला उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालय ही लोकोपयोगी गोष्ट आहे, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. मोकळी जागा ही नागरिकांच्या आरोग्यासाठीच राखलेली असते आणि तिचा उपयोग असा पालटता येणार नाही, असे ठरविले. ज्या जागेवर दवाखानाही चालत नाही, त्या जागेवर दुसरे काय चालावे याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. अनुभव असा, की जागा वापरात असली म्हणजे तिच्यावर अतिक्रमण करणे कठीण जाते. जेथे रोज संध्याकाळी चाळीस मुले खेळतात, तेथे रात्रीतून ओटा उभा राहत नाही. रिकामी जागा मात्र कोणालाही बोलावते.

म्हणून मैदान करणे हे एका दिवसाचे काम नव्हे. उद्घाटनाच्या दिवशी जे फोटोत दिसते त्यापेक्षा दोन वर्षांनी जे दिसेल ते महत्त्वाचे. झोक्याची कडी झिजली आहे काय, वाळूत काचा आहेत काय, रात्री हौदावर ताडपत्री घातली काय, मुरमाचा थर पावसाने वाहून गेला काय, हे पाहणारा कोणीतरी हवा. ही कामे पाच-सहा घरांनी वाटून घ्यावीत, मुलांनाही त्यांत धरावे, आणि महानगरपालिकेशी किंवा प्रन्यासाशी जो काही करार किंवा पत्रव्यवहार होईल तो वसाहतीच्या वहीत नोंदवून ठेवावा. माणसे बदलतात, वही राहते.

वसंतातील व्याख्यानांचा काळ आणि मुलांच्या सुट्टीचा काळ हे दोन्ही एकच आहेत. या सुट्टीत आपल्या लेआउटमध्ये किती खुले तुकडे आहेत, त्यांतले किती नकाशावर आहेत आणि किती मुलांच्या वापरात आहेत, ही तीन उत्तरे एका रविवारी सकाळी नऊच्या आत मिळू शकतात. टेप, वही आणि मुले एवढे साहित्य पुरे. जून उजाडण्यापूर्वी एकेका वसाहतीने एकेक तुकडा मुरूम टाकून मोकळा केला, तर पावसाळा संपताच, तान्ह्या पोळ्यानंतर, तेथे कबड्डीचा पहिला डाव रंगायला हरकत नाही.